बिनपट्टीचं

अडतीस रुपये किलो.
काट्यावर एकशे बेचाळीस भरलं,
जाफरनं वरचे दोन सोडून दिले,
गंजाचे. गंज कोण विकत घेतं, म्हणाला.
त्याच्या मागं भट्टीचा ट्रक भरणं चालू होतं.
अर्धा तास उशिरा आलो असतो
तर हे ड्रिल मशीन रातच्याला सळई झालं असतं,
जालन्यातच, कुणाच्यातरी स्लॅबात.

कंपनी कोणती? बायकोनं दारातच विचारलं.
कपाळावर पट्टीची जागा होती,
पट्टी नव्हती.
रिव्हेटची दोन भोकं, सव्वातीन इंचावर.
जन्मभर दुसऱ्यांना भोकं पाडली
आणि स्वतःची म्हणून एवढी दोनच राहिली.

बीडाचं आहे, मी म्हणालो.
बीडचं? आमच्याकडचं?
(ती गेवराईची.)
बीडाचं गं. ओतीव.

मग आठ दिवस रॉकेलच्या डब्यात एकेक अवयव.
हिरव्याखाली करडा,
करड्याखाली शाळेच्या बाकाचा तपकिरी,
आणि मोटारीच्या पाटावर
कितीतरी दसऱ्यांचं हळदकुंकू
ऑइलमध्ये मुरून दगड झालेलं.
वायर ब्रश लावला तिथं, आणि थांबलो.
तेवढं राहू दिलं.

मिलिमीटरचा पाना नटावर नुसताच गरगरला.
सूतपट्टी लावली तर बरोब्बर चार सूत.
आटे मोजले: इंचाला बारा.
म्हणजे विलायती.
किंवा विलायती बघून बटाल्यात उतरवलेलं,
किंवा बटाल्याचं बघून आणखी कुठं.
तिथून पुढं माझं सूत जुळेना.

टेबल पालथं घातलं तेव्हा पोटाला एक खूण सापडली.
दोन तिरप्या रेघा, एका टोकाला मिळालेल्या,
साच्यातच ओतलेल्या.
टेबल तसंच मोटारसायकलवर बांधून
कदीम जालन्यात मुनीरुद्दीनचाचाकडं नेलं.
पूर्णेच्या लोको शेडात फिटर होते.
डोळ्यात आता मोतीबिंदू, वाचतात अंगठ्यानं.

इंग्रजी व्ही आहे, मी म्हणालो.
उर्दूत हा सात, ते म्हणाले.
मग टेबल अर्धं फिरवलं मांडीवर,
आता आठ झाला बघ.
आणि खोकला येईपर्यंत हसले.
गोल चीज आहे, लेका,
वरची बाजू कोणती ते तू आधी ठरव,
मग कंपनी मला विचार.

चहा झाल्यावर पिशवीतून हँडल काढून दिलं.
तीन मुठी. दोन काळ्या, कारखान्याच्या.
तिसरी जड. तिच्यावर अंगठा फिरला
आणि तिथंच राहिला.
बाभूळ, ते म्हणाले.
कुणीतरी घरी बसून तासलेली,
नंतर हातानंच गुळगुळीत होत गेलेली.
याला पट्टी लागत नाही.

बेअरिंगं नवी टाकली, बेल्ट औरंगाबादहून आणला.
स्पिंडलला डायल लावली, काटा अर्धा घर हलला.
या वयात एवढं कुणाचंही हलतं.
टेबलाच्या तोंडावर चंद्रकोरी होत्या,
पाते आरपार गेल्याच्या, घाईच्या, डुलकीच्या,
सुपरवायझर यायच्या आत पुसता न आलेल्या.
वेल्डिंगनं भरून घासता आल्या असत्या.
नुसत्या मोजल्या. सतरा.

सोमवारी पेरणी यंत्राचे फाळ आले भोकं पाडायला.
मशीन सुरू झालं, आवाज खालच्या पट्टीतला,
जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा.
आयटीआयचा पोरगा, विष्णूपंत खरात,
एवढं थोरलं नाव आणि मनगटं काडीएवढी,
मला करू द्या म्हणाला.
नेमकी बाभळीची मूठ धरली त्यानं.
पांढरं पाणी, कुरळी चिप, जळका वास,
आणि फाळाखाली लाकूड घालायचं राहिलं.
खट्.

बंद करून तो माझ्याकडं बघायला लागला.
मी टेबलाकडं बघितलं.
ताजी कोर, अजून चकाकणारी.

अठरा, मी म्हणालो.
त्याला काही कळलं नाही.
चकची किल्ली तेवढी काढून ठेव, म्हणालो,
आणि दुसरा फाळ दिला.